चार नंबरची पेटी

१८ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

हे एकदाचे ‘हो’ म्हणाले! पण लगेच नाचू नकोस, त्या ‘हो’ला शेपूट आहे.

डॉक्टरांनी काल आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की हृदयाच्या नळ्या तुंबल्यात, आता ऑपरेशन पुढे ढकललंत तर माझ्याकडे येऊ नका. याआधी ह्यांनी दोनदा तारीख मोडली, दोन्ही वेळा उबवणीच्या पेट्यांमध्ये अंडी होती म्हणून. मी म्हटलं, अहो, हॅचरी आहे आपली, पेट्यांत अंडी नाही तर काय आंबे असणार? म्हणजे ऑपरेशनचा मुहूर्त कधी यायचाच नाही. तर ह्यांचं उत्तर काय, की ‘माझ्यामागे पेट्यांकडे बघणार कोण? तू?’ लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अंड्यांच्या बाबतीत मी अजून पाहुणीच.

तुला तर ह्यांची तऱ्हा ठाऊकच आहे. अंडं उचलायचं, मिटल्या पापणीला लावायचं आणि निकाल द्यायचा: ‘गार आहे’, ‘ठीक आहे’, ‘तापलंय’. तुमच्या वडिलांनी शिकवलेलं. मागच्या सुट्टीत तू पेट्यांमध्ये ते नाण्याएवढे सेन्सर बसवून गेलीस, त्यांच्याकडे हे बघतसुद्धा नाहीत. तुझंच नाव घेऊन म्हणतात, ‘टकळी समुद्रात बसून माझी अंडी उबवणार? कोंबडीसुद्धा जवळ बसते!’

पण काल डॉक्टरांकडून आल्यावर पेट्यांवरून एक फेरी मारून आले. मग म्हणाले, ‘ठीक आहे. परवा अंडी लावतो आणि दवाखान्यात जातो. बघू दे टकळीला. ही बॅच बिघडली तर पुन्हा मला कुणी काही सांगायचं नाही.’

तेव्हा आता तू आणि तुझी ती काळी पाटी. माझा सगळा जीव त्यात अडकलाय, हे लक्षात ठेव.

तुझी वहिनी

ता. क. चार नंबरच्या पेटीचा पंखा जळालाय, ती बंद आहे. अंडी एक, दोन आणि तीनमध्येच.

२० फेब्रुवारी

वहिनी,

पत्र वाचून आधी हसले आणि मग पुन्हा वाचलं. दादाने ‘हो’ म्हणावं यासाठी मी कुठलंही नाटक केलं असतं, पण त्याने तर खरंच माझ्यावर टाकलं!

तुला धीर यावा म्हणून सांगते. जहाजावर माझं कामच हे आहे. समुद्रात दूरदूर आमची मोजणीची तरंगती पिंपं सोडलीत. मी त्यांना कधी हात लावत नाही, काहींना तर पाहिलेलंसुद्धा नाही. संगणकाच्या काळ्या पाटीवर एक ओळ लिहायची, ती उपग्रहातून जाते, पिंप ती वाचतं आणि उत्तराची एक ओळ पाठवतं. ‘आहेस का?’ ‘आहे.’ ‘पाणी किती गार?’ ‘इतकं इतकं.’ तुमच्या पेट्यांशी माझं हेच बोलणं चालतं. इथली तार इतकी बारीक, की फोन नाही, फोटो नाही, तापमानाचा आलेखसुद्धा येत नाही. ओळी येतात, जातात, आणि तुझी पत्रं. तीसुद्धा उपग्रह डोक्यावर असेल तेव्हाच.

माझा एक नियम मात्र दादाला सांग, त्याला पटेल. नवा हुकूम सगळ्यांना एकदम द्यायचा नाही. आधी एकाला द्यायचा आणि सोबत बजावायचं, की माझ्याकडून थोड्या वेळात ‘कायम’ असं आलं नाही तर आपणहून जुन्यावर ये. न जाणो, माझीच चूक असली आणि तार तुटली तर? दुधाने तोंड पोळलेली माणसं आम्ही.

आज तिन्ही पेट्या साडेसदतीस अंशांच्या आसपास आहेत. चार नंबर चोवीस, म्हणजे नुसती खोलीतली हवा. तिचा सेन्सर राहू दे तिथेच, तेवढीच शेडची खबर मिळते.

दादाला सांग, कोंबडीला तरी शिट्टी वाजवता येते का? मला येते. शेडमधला भोंगा मी इथून वाजवू शकते.

टकळी

३ मार्च

प्रिय वन्सं,

ऑपरेशन झालं, हे घरी आले, आणि मी तुला आजच लिहितेय. दवाखान्यात नुसती बाकावर बसून होते, हातात फोन काय, चमचा धरवत नव्हता. रागावू नकोस.

छातीला रुंद पट्टा बांधलाय. खोकायचं तर उशी कवटाळून, उठायचं तर एका कुशीवरून. शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, की जखम मोठी आहे, ताप शंभर-एकच्या वर गेला तर विचारत बसू नका, थेट घेऊन या. म्हणून थर्मामीटर माझ्या कमरेच्या पिशवीतच असतो, सकाळ-संध्याकाळ तोंडात. नव्याण्णवच्या पुढे नाही अजून.

आणि ऐक, हे इतके शहाण्यासारखे वागतायत, की मलाच चुकल्याचुकल्यासारखं होतंय! थर्मामीटर काढला की आधी गार पाणी मागतात, घसा कोरडा पडतो म्हणे, मग निमूट तोंड उघडतात. तू फोनमध्ये पेट्यांचे आकडे दिसायची सोय केली होतीस ना, तीसुद्धा मागून घेतली. दिवसभर बघत असतात. मी म्हटलं, ‘काय, पटली ना बहिणीची कोंबडी?’ तर म्हणाले, ‘वेळ जातो.’

दहा तारखेला अंडी फुटायच्या ट्रेमध्ये बदलायची. ते एक काम ह्यांना स्वतः बघायचंय, खुर्ची टाकून, लांबून. डॉक्टर तोवर ‘हो’ म्हणतील असं ह्यांनी ठरवूनच टाकलंय.

तुझी वहिनी

६ मार्च

वहिनी,

एक विचारते, खरं सांग. चार नंबरची पेटी कुणी सुरू केली का?

परवापासून तिचा आकडा चढलाय. पहिल्या दिवशी सदतीसच्या खाली होता, काल सदतीसच्या वर, आणि आज संध्याकाळी अडतीस. मी हीटर बंद करायचा हुकूम दिला. उत्तर आलं, ‘बंदच आहे.’ पुन्हा दिला. ‘बंदच आहे.’ आणि आकडा तसाच! बंद पेटी गरम कशी राहील? आत काही जळत-धुमसत तर नाही ना? दादाने गुपचूप जास्तीची अंडी त्यात लावली आहेत का? त्याचा काही नेम नाही.

हे पोचताक्षणी जाऊन बघ. आग म्हटलं की माझं धाबं दणाणतं. जहाजावर राहून ती एक सवय लागलीय.

टकळी

७ मार्च

प्रिय वन्सं,

ओल्या हातानेच धावले. चार नंबर थंडगार. दाराला गाल लावून बघितला, वास घेतला, काही नाही. कुलूप आहे, किल्ली ह्यांच्या उशीखाली. मागितली तर म्हणाले, ‘आत काय ठेवलंय, धूळ?’ सेन्सर जागेवर आहे का विचारलं. म्हणाले, ‘जाणार कुठे? त्याला पाय आहेत?’ आणि तोंड फिरवून झोपले.

हल्ली झोपतात फार. डॉक्टर म्हणाले होतेच, अशक्तपणा राहील. जेवण मात्र चिमणीएवढं.

आग नाही, एवढं नक्की. मग तुझं ते नाणं खोटं बोलतंय का?

तुझी वहिनी

७ मार्च, संध्याकाळ

वहिनी,

आग नाही वाचून पाच मिनिटं बरं वाटलं. मग बसले ती उठलेच नाही.

चौथा सेन्सर गार पेटीत बसून अडतीस सांगत असेल, तर तो वेडा झालाय. आणि चारही सेन्सर एकाच खोक्यातून आलेत. मग बाकीचे तीन शहाणे कशावरून? ते साडेसदतीस सांगतात, म्हणून मी इथे सुखात. खरं काय आहे, ते मला इथून कसं कळणार? मला ओळी दिसतात ग, अंडी नाही दिसत.

आता एकच उपाय. एक नंबरमधलं अंडं दादाकडे ने. पापणीला लावू दे. त्याची पापणी कधी चुकलेली मी पाहिली नाही. तो जे म्हणेल ते मला कळव, मी तसं करते. त्याला सांग, टकळीने हात टेकले. हसू दे हवं तर.

टकळी

८ मार्च

प्रिय वन्सं,

नेलं अंडं, फडक्यात गुंडाळून. वाटलं होतं, ‘बघ, शेवटी माझ्याकडेच आलात’ म्हणून चार टोमणे मारतील. एकही नाही. पापणीला लावलं, बराच वेळ धरलं, आणि म्हणाले, ‘गार आहे. चांगलंच गार आहे. वाढव म्हणावं एक अंश.’ 

खरं सांगू? तू सेन्सर वेडा म्हणालीस तेव्हा मला वाईट वाटलं, पण कुठेतरी बरंही वाटलं, की ह्यांची गरज लागली. काय मेलं मन असतं एकेक!

तू लवकर काय ते कर. दोन दिवसांवर आलंय सगळं.

तुझी वहिनी

८ मार्च, रात्र

वहिनी,

केलं. एक नंबर एका अंशाने वर घेतली. नियमाप्रमाणे आधी तीच एक. आणि दादाच्या तोंडचं होतं, म्हणून वाट न बघता ‘कायम’ लिहून टाकलं. उद्या उपग्रह डोक्यावर आला की दोन आणि तीन.

चार नंबर आज साडेअडतीसच्या वर गेली. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवते आणि पुन्हा पुन्हा बघते. वेड्याचं बोलणं ऐकत बसू नये म्हणतात, पण इथे दुसरं बोलायला आहे कोण?

टकळी

९ मार्च, सकाळ

वन्सं,

थांब! दोन आणि तीनला हात लावू नकोस.

सकाळी एक नंबर उघडली तर तोंडावर वाफ आली. एक अंडं उचललं आणि काय वाटलं कोण जाणे, माझ्याच पापणीला लावलं. चटका बसल्यासारखं झालं. म्हटलं, मला काय कळतंय. ट्रे धुणाऱ्या बाईला बोलावलं, तिने लावलं, ती म्हणाली, ‘बाई, हे तर उकडायला ठेवलंय!’ तेच अंडं तसंच पळत ह्यांच्याकडे नेलं. ह्यांनी लावलं आणि म्हणाले, ‘ठीक आहे. अजून थोडं चालेल.’

मी म्हटलं, अहो, आम्ही दोघी भाजलो. तर माझ्यावर असे ओरडले, की ओरडता ओरडता धाप लागली. ‘तुम्ही दोघी काल जन्मलात’ म्हणाले. थंडी कधीच सरली, तरी गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन बसलेत. थर्मामीटर लावला, नव्याण्णवच.

मला काही सुचत नाही. ह्यांचं ऐकू की माझ्या डोळ्याचं? चुकलं तर अंडी गेली, आणि अंडी गेली तर हे पुन्हा त्या शेडमध्ये उभे राहतील, पट्टा बांधून. काय करायचं ते तूच सांग.

वहिनी

९ मार्च

वहिनी,

एक नंबर खाली आणली. अंड्यांचं सोड आता. हे वाच आणि धाव.

तुझं पत्र वाचून मी चार नंबरचे सगळे जुने आकडे मागवले आणि एकाखाली एक लावले. ती गरम झाली चार तारखेला, दादा घरी आल्यानंतर. रोज संध्याकाळी चढते. आणि रोज सकाळी थोडा वेळ एकदम खाली येते, चोवीसवर, मग पुन्हा वर. सकाळी तू त्याचं अंग पुसतेस ना? पट्टा सोडतेस ना?

तो सेन्सर पेटीत नाही ग. दादाच्या अंगावर आहे. तुझी नजर चुकवून शेडमधून आणला असणार, आणि अंग पुसायच्या आधी तेवढा काढून ठेवतो. किल्ली त्याच्या उशीखाली, फोनमध्ये आकडे, आणि थर्मामीटर तुझ्या पिशवीत! त्याला स्वतःचा ताप बघायचाय आणि तुला कळू द्यायचा नाहीये. दहा तारखेपर्यंत तग धरायचाय त्याला. डोळे मिटून दूध पितोय मांजरासारखा, मी इकडून बघतेय हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आणि माझ्याही नाही आलं, मी आकड्याला वेडा म्हणत बसले.

गार पाणी पिऊन थर्मामीटर तोंडात घेतो, नव्याण्णवच येणार. आणि ज्याचं अंगच भाजतंय, त्याच्या पापणीला ठीक अंडं गार आणि तापलेलं ठीकच लागणार.

आत्ता, हे लिहिताना, चार नंबर एकोणचाळीसच्या वर आहे. तुझ्या थर्मामीटरवर एकशे दोनच्याही वर. मी शेडचा भोंगा सोडलाय, तू ऐकून फोन बघशील म्हणून. दवाखान्यात ने त्याला. ओरडू दे, शिव्या देऊ दे, पण ने.

टकळी

९ मार्च, दुपार

वहिनी,

भोंगा कुणीतरी बंद केला. म्हणजे कुणीतरी आहे तिथे. तू असशील ना?

चार नंबर एकोणचाळीस होती. मग मी एकदा ‘आहेस का?’ विचारलं तर उत्तर आलं, ‘आहे. एकतीस.’ पुढच्या वेळी सत्तावीस. आता चोवीस. तेव्हापासून चोवीसच.

माणूस इतक्या लवकर गार होत नाही, हे मला कळतं. हे कुणालाही कळेल. सेन्सर काढून कुठेतरी टाकला, एवढाच त्याचा अर्थ. मी स्वतःला हे शंभर वेळा सांगितलंय. कप्तानाच्या पाया पडून आणीबाणीचा फोन मिळवला. घरी नुसती रिंग वाजतेय. पुन्हा लावला. वाजतेय.

सगळं आयुष्य मी ‘आहेस का?’ विचारत काढलं, आणि ‘आहे’ आलं की समाधानाने जेवले. आता तेच ‘आहे’ येतंय आणि मला घास गिळवत नाही. नाणं आहे म्हणतंय. मला दादाचं सांग.

एक ओळ लिही. कसलीही. वाईट असली तरी लिही.

टकळी

१० मार्च

प्रिय वन्सं,

आत्ता घरी आले. फोन ओट्यावर राहिला होता, आणि त्यात तुझ्या त्या सगळ्या हाका. माफ कर ग.

भोंगा वाजला तेव्हा मी तुझंच पत्र वाचत होते. ट्रेवालीने तो बंद केला, मी आत गेले, पट्ट्यात हात घातला. पट्ट्याच्या आत, काखेजवळ, घामाने चिकटलेलं ते नाणं. मी ते उपटून भिंतीवर फेकलं. तेच तुला चोवीस दिसलं असणार. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. ओरडायचं त्राणच नव्हतं. मी आणि ट्रेवाली, दोघींनी धरून गाडीत घातलं. चपला घालायची शुद्ध नव्हती मला.

जखम आतून चिघळली होती. पुन्हा उघडून साफ केली. डॉक्टर माझ्यावर ओरडले, मी ऐकून घेतलं. आज ताप उतरायला लागलाय, पण अजून कुणी काही छातीठोक सांगत नाही.

सकाळी मला दोन मिनिटं आत सोडलं. आज अंडी बदलायचा दिवस, आता नक्की त्याचंच विचारणार, म्हणून मी उत्तर जुळवूनच गेले होते, की एक नंबरचं नुकसान झालंय, दोन-तीन शाबूत आहेत, ट्रेवाली आणि मी करू. ह्यांनी ओठ हलवले. मी कान खाली नेला. विचारलं काय, तर ‘टकळीला काय दिसतंय आता?’

मी म्हटलं, ‘काय दिसणार? तुमचा आकडा गेलाय तिच्या पाटीवरून. काळजीने अर्धी झाली असेल पोर.’

डोळे मिटून पडले. मला वाटलं झोप लागली. म्हणून उठले, म्हटलं, ‘येते मी, पेट्या उघडायला हव्यात, उशीर होतोय.’ तर माझं बोट धरलं. म्हणाले, ‘आधी तिला लिही. अंडी थांबतील.’

वन्सं, ह्या माणसाच्या तोंडून ‘अंडी थांबतील’ हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले पोटभर, आणि मग घरी आले.

ट्रेवाली दारात उभी राहून हाका मारतेय. मारू दे. आधी तुला लिहितेय: बरे नाहीत अजून. पण आहेत.

तुझी वहिनी